उलटी लव

४ फेब्रुवारी

सकाळी बोटं मिटलीच नाहीत. शर्टाची बटणं नवऱ्यानं लावली — एक काज चुकवून! दिवसभर तशीच मिरवले.

डॉक्टर म्हणतात, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटलंय. वा रे शरीर! बाहेर कुणी शत्रू सापडला नाही, म्हणून घरातच मारामारी.

५ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. 'वहिनी, आमच्या शेजारणीला अगदी हेच होतं. रोज चालायला लागली, आता पळते!' पळू दे. तिचे गुडघे कुरकुरत होते, माझे सांधे कुरतडले जाताहेत. हा फरक समजावून सांगायचा तर जबडा दुखतो. शेवटी वर — 'तू दिसतेस मात्र छान हं!'

७ फेब्रुवारी

मालकीणबाईंनी कटिंगच्या टेबलापाशी दुसरी बाई आणून उभी केली. 'तुमच्या मदतीला.' मदत! मला काय कळत नाही? या पडद्यांच्या दुकानात इतकी वर्षं कापड कापतेय मी. कात्री एकदा खाली ठेवली की हिनं उचललीच समजा.

माझ्याच वयाची आहे. जाड चष्मा. बोलत नाही, नुसती माझ्या हातांकडे बघते. बघ म्हणावं, तिकीट लावते!

कात्री धरली की बोटांत आग होते. तरी धरायची. हे टेबल गेलं की मी नुसती पेशंट.

११ फेब्रुवारी

सभागृहाच्या पडद्याचं काम आलं. लाल मखमल. मखमलीला लव असते — एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. सगळे पट्टे एकाच दिशेनं कापायचे, नाहीतर टांगल्यावर एखादा काळपट दिसतो. म्हणून आम्ही आधी प्रत्येक पट्ट्यामागे खडूनं बाण काढतो. हे चष्मेवालीला दोनदा सांगितलं. नंदीबैलासारखी मान हलवली.

कापडाचं ठाण फिरवताना मनगटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती धरायला पुढे आली. 'राहू द्या!' म्हटलं.

१२ फेब्रुवारी

आठवड्याच्या गोळीचा दिवस. ती घेतली की दिवसभर मळमळ. खडू चिमटीत राहीना, मुठीत धरला. एका पट्ट्याला ठाण फिरवायची ताकद नव्हती — मीच टेबलाला वळसा घालून पलीकडून कापला. पण कापला! चष्मेवालीच्या हाती कात्री जाऊ दिली नाही, अगदी दोनच पट्टे सोडून.

१६ फेब्रुवारी

बोंबला! पडदा टांगला आणि मधलाच एक पट्टा उलटा. दिव्याखाली काळा ठिक्कर. मालकीणबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत — 'कुणी कापला हा?'

मी म्हटलं, 'नव्या माणसाला मखमल दिली की हेच होणार!'

चष्मेवालीनं पट्टा उलटून मागची बाजू पाहिली. सबब शोधत असणार. मग माझ्या हातांकडे पाहिलं. 'माझीच चूक,' म्हणाली.

उद्यापासून ती जिन्याखाली, इस्त्रीला. टेबल पुन्हा माझं एकटीचं! नवऱ्याला सांगितलं, तर 'एकटीनं झेपेल?' कौतुक म्हणून नाही या घरात.

१८ फेब्रुवारी

तो पट्टा उसवायला माझ्याकडेच आला. मागे खडूचा बाण. जाड, वाकडातिकडा, मुठीनं काढलेला.

माझा.

वळसा घालून पलीकडे गेले आणि बाण तिकडूनच काढला — म्हणजे उलटा. तिला तेव्हाच कळलं होतं. बोलली नाही. माझी कीव केली — त्या बाईनं! आणि मी ती नकळत गिळली. संताप होतोय, आणि लाजही वाटतेय. लाज जास्त.

१९ फेब्रुवारी

मालकीणबाईंना खरं काय ते सांगून टाकलं. टेबल चष्मेवालीला, मी जिन्याखाली इस्त्रीला. वाफेनं बोटं जरा सैल होतात. हे मात्र कुणाला सांगणार नाही.

कात्री तिच्या हातात दिली. म्हणाली, 'बाण मात्र तुम्हीच काढायचे हं. तुमच्या मुठीतला जाड बाण मला चष्म्याशिवायही दिसतो.'

आगाऊ कुठली! उद्या खडू बरोबर न्यायचाय.