अकरा दिवसांत अडतीस सेकंद

बुधवार, संध्याकाळ

तीर्थरूप मामा,

सुकन्याचं शरणु. बीपी कसं हाय? गोळी सकाळीच घेता का डिबेट झाल्यावर? गुडघ्याला तेल लावणं चालू हाय ना? इकडं आई-बाबा बरे हायेत. मीही बरी हाय, म्हणजे झोप, जेवण आणि आवाज सोडला तर बाकी सगळं बरं हाय. हे पत्र तुम्हाला उद्या डब्यात, भाकरीच्या खाली सापडंल. बघून दचकू नका, घरात कुणालाच काही झालेलं न्हाई. तुम्ही मला मोबाइलवर ब्लॉक केलंत (फक्त त्रेसष्ट मेसेजवर, मामा! आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर याच्यापेक्षा जास्त गुड मॉर्निंग येतेत) म्हणून कागदावर यावं लागलं. सकाळच्या बसनं मीच आणून देते, मामींना सांगून ठेवलंय. त्या म्हणल्या, डब्यात घाल, डबा ते कधी ब्लॉक करत न्हाईत.

मुद्द्यावर येते, कारण वेळ खरंच न्हाई. उद्या संध्याकाळी सहाला तुमच्या नांदेडच्या चॅनलवर आपल्या गावच्या नगरपालिकेचा शेवटचा कार्यक्रम हाय, आणि तुम्ही त्यात राजकीय विश्लेषक म्हणून बसणार. परवा प्रचार बंद. रविवारी मतदान. आमच्या उमेदवार पंचशीलाताई (आपल्या मागच्या गल्लीत शिवणक्लास घेतात त्याच, तुमच्या दोन सफाऱ्या त्यांनीच कमरेत वाढवल्यात) यांना त्या कार्यक्रमाचं अजून बोलावणं न्हाई. आमची नळवेळ आघाडी लहान हाय हे मला मान्य हाय. नऊ सभासद, त्यात मी मीडिया प्रमुख. पण मागणी एकच आणि साधी: नळ कधी येणार ते आदल्या दिवशी सांगा. पाणी जास्त द्या असंसुद्धा आम्ही म्हणून न्हाई राहिलो. फक्त वेळ. आणि मोठ्या पार्ट्यांची चिन्हं लोकांना पाळण्यात असल्यापासून पाठ हायेत. आमचं चिन्ह आम्हालाच अकरा दिवसांपूर्वी कळलं. नेलकटर. आता मला सांगा, सोळाशे घरांना अकरा दिवसांत नेलकटर डोक्यात कसं बसवायचं? टीव्हीशिवाय?

म्हणून मी पहिल्या दिवसापासून तुमचं चॅनल स्टॉपवॉच लावून बघून राहिले. सगळं एक्सेल शीटमध्ये हाय, रंग देऊन. पहिली मोठी पार्टी, तीन तास चाळीस मिनिटं. दुसरी मोठी पार्टी, दोन तास पंचावन्न. त्यांच्यातून फुटलेले एक तात्या (जे कुठल्या पार्टीत हायेत ते त्यांना पण शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं), सव्वा तास. आणि आम्ही अडतीस सेकंद. याच अकरा दिवसांत तुम्ही कॅमेऱ्यासमोर चहा प्यालात ते बावन्न सेकंद. मी आरोप करून न्हाई राहिले, मी फक्त मोजलं. चहा आमच्या पुढं हाय.

त्या अडतीसचा पण हिशोब ऐका, कारण प्रत्येक सेकंदाला काहीतरी झालेलं हाय.

पहिले तेरा सेकंद मागच्या गुरुवारचे. तुमच्या ऑफिसचा फोन आला चारला, कार्यक्रम सहाला, आणि नांदेडला बसनं यायला सव्वा तास (बाकीच्यांना दोन दिवस आधी सांगितलं होतं, हे मी चौकशी करून लिहून राहिले). तरी पण ताई पंधरा मिनिटांत इस्त्रीची साडी नेसून स्टँडवर हजर. बस लागली. मी खिडकीवर रुमाल टाकला. आणि गल्लीतून फोन आला की नळ आला. सहा दिवसांनी. ताई बसच्या पायरीवरून खाली उतरल्या. मी म्हणले, "ताई, हेच तर आपल्याला टीव्हीवर सांगायचंय!" त्या म्हणल्या, "सांगायचंय म्हणूनच चालले होते ना गं. टीव्ही उद्या पण दिसंल. पाणी दिसंल का?" आणि पदर खोचून पाणी भरायला निघाल्या की. मी रुमाल घेऊन मागं. संध्याकाळी तुम्ही काय केलंत, मामा? कॅमेरा आमच्या रिकाम्या खुर्चीवर नेलात, खुर्चीपुढं पाण्याचा भरलेला ग्लास (भरलेला!), आणि म्हणलात, इतर पक्षांना चर्चेत रस दिसत नाही. आई माझ्याकडं बघायला लागली. मी आईकडं बघितलंच न्हाई, कारण भाऊ तिचा हाय.

पुढचे एकोणीस सेकंद आमच्या सभेचे. तुमचा कॅमेरामन हारिस आला, वेळेवर आला, चांगला पोरगा हाय, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. साठ खुर्च्या मांडलेल्या. माणसं सत्तर आली. पण हारिसनं कॅमेरा उभा केला आणि त्याच्या मागच्या बारक्या स्क्रीनवर चित्र दिसतंय हे कुणीतरी बघितलं. झालं. सत्तरच्या सत्तर माणसं कॅमेऱ्याच्या मागं. हारिस ओरडून ओरडून थकला, "अहो, पुढं बसा, पुढं!" तर आपल्या गुणाबाई (दूधवाल्या, त्यांचा आवाज तुम्हाला माहीत हाय) म्हणल्या, "पुढं बसलं तर दिसत न्हाई रे बाबा." "काय दिसत न्हाई, मावशी?" "आम्ही!" ताई पुढं एकट्याच माइक धरून, समोर साठ खुर्च्या, आणि पल्याड टाळ्या. टाळ्या कुठून येऊन राहिल्यात ते टीव्हीवर कळतच न्हाई, जणू काही आम्ही रेकॉर्ड लावली. खाली पट्टी आली, सभेकडे नागरिकांनी फिरवली पाठ. (मीही मागंच होते हे तुम्ही हारिसला विचारलं तर तो सांगंल. मी ड्यूटीवर होते. स्टॉपवॉच घेऊन.)

राहिले सहा सेकंद. शिवणक्लासमध्ये हारिसनं ताईंचा बाइट घेतला, पूर्ण चार मिनिटं. ताईंनी व्हॉल्व्ह, टाकी, पाइपलाइन, वेळापत्रक, सगळं न अडखळता सांगितलं. दाखवलं काय? "आमची निशाणी नेलकटर. प्रत्येक घरात नेलकटर पोचलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सतरा बाया दारात. नेलकटर द्या. एक म्हणली, टीव्हीवर सांगितलंय, आता मागं सरू नका. दहा वाजता कुणीतरी तक्रार दिली की आम्ही वस्तू वाटून राहिलो, आणि अकराला आचारसंहितेचे दोन साहेब. मामा, मी खरंच सांगते, मला वाटलं, उमेदवारी जाते की काय! कपाट उघडलं, मशीनचे ड्रॉवर उघडले, बटणांचा डबा पालथा केला. एक नेलकटर सापडलं. ताईंचं स्वतःचं, मोडकं. साहेबांनी ते दाबून बघितलं, लिहून घेतलं आणि परत दिलं. ताई त्यांना म्हणल्या, "साहेब, आता आलात तर नळाची वेळ पण लिहून घ्या." मी त्या वेळी दाराच्या मागं होते आणि मला रडायला येऊन राहिलं होतं.

मी हारिसला स्टँडवर गाठून भांडले. तुम्ही लोक विकले गेलात का म्हणून विचारलं. तो भजे खाऊन राहिला होता. म्हणला, "दीदी, मोठी पार्टी मला स्टेज देती, मागं पडदा देती, लाइट देती, कोण कधी बोलणार त्याचा कागद देती. मी उभा राहतो आणि घेतो. तुमच्याकडं गेलो की आधी खुर्च्या मी हलवायच्या, माणसं मी बसवायची, आणि वरून तुम्ही माझ्यावर घड्याळ लावता. मला दिवसाला आठ बातम्या पाठवायच्या असतेत. तुम्हीच सांगा." मी त्याचं बोलणं पण टाइम केलं, चव्वेचाळीस सेकंद. आमच्यापेक्षा तो पण जास्त बोलला.

पण हारिसचं सोडा, मला तुमचं सांगा. तुम्ही अकरा दिवसांत 'आणि इतर' हे शब्द सेहेचाळीस वेळा म्हणलात. एकदाही नळवेळ आघाडी न्हाई, एकदाही पंचशीला न्हाई. तुमच्या सफारीची कंबर वाढवणारी बाई 'इतर' कशी काय होती? मी तुमची भाची हाय हे कुणाला कळंल म्हणून तुम्ही मुद्दाम आमचं नाव टाळून राहिलात, असं मामी म्हणतेत. निःपक्षपातीपणासाठी. मामा, असला निःपक्षपातीपणा आम्हाला परवडत न्हाई! ताईंनी क्लास पंधरा दिवस बंद ठेवलाय. त्या हरल्या तर हरल्या, पण नाव कुणाला कळलंच न्हाई म्हणून हरल्या तर मला ते सहन होणार न्हाई. त्यांना फॉर्म भरायला मीच लावलं होतं.

म्हणून पदर पसरून (म्हणजे ओढणी) मागणं एकच. उद्या सहाला एक खुर्ची आणि दोन मिनिटं. मोजून एकशेवीस सेकंद. बाकीच्यांना तीन-तीन तास दिलेत, आम्हाला लोकशाहीची फक्त दोन मिनिटं द्या. एवढं केलंत तर त्रेसष्ट मेसेज मी स्वतः डिलीट करते.

गोळी घ्या. चिडू नका, किंवा आधी गोळी घ्या आणि मग चिडा.

तुमची (अजून तरी)
सुकन्या

ता. क. १. गुरुवार सकाळ, नांदेडच्या बसमध्ये. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळं. मामा! आत्ता तुमच्या ऑफिसचा फोन आला. खुर्ची दिली, दोन मिनिटं दिली. हारिसनं सांगितलं, का तुम्ही? वर जे लिहिलंय ते मागं घेत न्हाई, पण जरा आवाज कमी करून वाचा.

ता. क. २. अजून बसमध्येच. ताईंना फोन लावला. त्या येत न्हाईत. बेचाळीस घरं राहिलीत म्हणे, ती आज केली न्हाईत तर उद्या दिवस पुरणार न्हाई. म्हणल्या, "मी घरं करते, टीव्ही तू कर. तुलाच लई हौस होती." मी म्हणले, ताई, मी लोकांसमोर एवढं सलग कधी बोलले न्हाई. त्या म्हणल्या, "माझ्याशी भांडताना बोलतीस की." आणि फोन ठेवला.

ता. क. ३. तुमच्या स्वयंपाकघरातून. तुम्ही अंघोळीला गेलात. मी मामींसमोर प्रॅक्टिस केली, स्टॉपवॉच लावून. नाव, चिन्ह, मशीनवर तिसरं बटण, नळाची वेळ आदल्या दिवशी, धन्यवाद. चाळीस सेकंद. त्याच्यापुढं काहीच न्हाई, मामा. उरलेले ऐंशी सेकंद मामी आणि मी एकमेकींकडं बघत उभ्या होतो. दोन मिनिटं एवढी मोठी असतेत हे मला कुणी सांगितलं न्हाई. मामी म्हणल्या, व्हॉल्व्हचं सांग. मी म्हणले, ते ताईंना येतं.

तेव्हा खरी विनंती ही हाय, वरची विसरा. तुम्ही डबा चारला उघडता, म्हणजे दोन तास हायेत. चाळिसाव्या सेकंदाला तुम्ही मला मधेच तोडा. तिसऱ्या बटणानंतर, आधी न्हाई. जोरात तोडा, 'थोडक्यात सांगा, वेळ संपला' असं काहीतरी, आणि दुसऱ्याकडं वळा. पाया पडते. बाहेर आल्यावर हारिसच्या कॅमेऱ्यासमोर मी सांगते की आम्हाला बोलूच दिलं न्हाई. त्याच्यावर मला न थांबता दहा मिनिटं बोलता येतं.