एका खुर्चीत दोघे

सोमवार, ता. ३

नवी वही, नवी नोकरी आणि वय एकाहत्तर. मुलगा म्हणाला, बाबा, लोक या वयात दात बसवतात, तुम्ही नोकरी धरलीत. हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो.

शाळेची वाचनपुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेनं मला मुद्रितशोधक म्हणून घेतलं आहे. पानं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका वेचायच्या. चाळीस वर्षं हेच केलं, पण कागदावर, लाल शाईनं. आता कागद नाही. पानं लावायचा प्रोग्रॅम त्यांच्या कचेरीतल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. तेवढे जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. म्हणून मॅनेजरबाईंनी माझ्या मोबाइलवर काहीतरी बसवून दिलं. एक बटण दाबायचं, की तिथला अख्खा पडदा माझ्या तळहातावर उतरतो. मी इथे गॅलरीत बोट सरकवतो आणि तिकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाण सरकतो. लहानपणी भिंग घेऊन मुंग्यांचं गाव बघत बसायचो, तसं वाटलं.

बाईंनी दोनच नियम सांगितले. काही वेळ बोट हललं नाही, की कनेक्शन आपोआप सुटतं. आणि त्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकच माणूस. मी इथून शिरलो की तिथली स्क्रीन काळी पडते, समोर बसलेल्याला उठावंच लागतं. म्हणाल्या, एका खुर्चीत दोघं मावत नाहीत, काका. मी विचारलं, मग तिथे बसतं कोण? कुणीच नाही, ती आता तुमचीच, असं त्या म्हणाल्या.

साडेबाराला नातीला शाळेतून आणलं. मुलगा आणि सूनबाई कामावर, तेव्हा संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच. बायको गेल्यापासून माझा दिवस उजाडतो तो साडेबारालाच. आज तिला माझ्या तिसरीतली कविता शिकवली:

वाऱ्या, जरा थांब ना रे, पान माझं लिहू दे,
ओली आहे शाई अजून, तिला जरा सुकू दे.

‘ना रे’ म्हणताना पोरगी वाऱ्यावर चक्क डोळे वटारते.

गुरुवार, ता. ६

काम तासाभराचं, पण मी सारखा जाऊन येतो. चहा उकळेपर्यंत एक फेरी, आंघोळीआधी एक. पान उघडून नुसतं बघत बसतो. धड्यांची ती मोठी, गोल अक्षरं दिसली, की पाटीपुस्तकाचा वास येतो. मोबाइलला वास नसतो, हे मला कळतं.

त्या कॉम्प्युटरच्या शेजारी बसणाऱ्या ऑपरेटरचा आज फोन आला. जिभेला हाड नाही. म्हणाला, आजोबा, कॉम्प्युटर आहे की सार्वजनिक नळ? दिवसातून वीस-वीसदा येता. तुम्ही आलात की स्क्रीन काळी पडते आणि ती खुर्ची करकरते, माझं लक्ष उडतं. मी म्हटलं, रिकामी खुर्ची कशी करकरेल? म्हणाला, ते तुम्हीच सांगा, शिकलेले आहात.

मग माझ्या आधीच्या मुद्रितशोधकांचा विषय निघाला. एकतीस वर्षं ते त्याच खुर्चीत. ना घर, ना गोतावळा. सुटीच्या दिवशीही येऊन बसायचे. गेल्या वर्षी भर दुपारी पान तपासता तपासता गेले. चौघांनी उचललं, तरी बोटं टेबलाची कड सोडेनात. ऑपरेटर म्हणाला, खुर्चीचा असा लोभ मंत्र्यांना असतो असं ऐकून होतो.

मला त्यांची कीव आली. आणि गंमत अशी, की फोन ठेवल्याबरोबर मी पुन्हा शिरलो.

शनिवार, ता. ८

एकविसाव्या पानाच्या तळाशी एक ओळ. काल नव्हती.

‘मला उठवू नका.’

हा ऑपरेटरचाच चावटपणा. मी ओळ पुसली. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा तिथेच. मग मीही खाली लिहिलं: ‘उठल्याशिवाय पाय मोकळे होत नाहीत, महाराज.’ स्वतःच्या विनोदावर हसलो आणि त्याची जिरवायला दिवसभरात आणखी बऱ्याच खेपा मारल्या.

सोमवार, ता. १०

आज तिथे तीन ओळी होत्या.

‘एकशे चौदा वेळा उठवलंत. माझं एवढंच होतं. तुमचं काय आहे?’

वाचून गलबलून आलं. वाटलं, ऑपरेटर वरून तिखट, आतून एकटा असावा. म्हणून मनापासून उत्तर लिहिलं. माझी नात, असं लिहिलं. तिची शाळा, साडेबाराची घंटा, फाटकासमोरचा वाहता रस्ता, तिथे ती न मागता माझ्या हातात हात देते, ते सगळं. लिहीत गेलो तसं सुचत गेलं. चांगलं पानभर झालं.

मंगळवार, ता. ११

सकाळी पावणेअकराला गॅलरीत बसलो होतो, हे आठवतं. त्यानंतर एकदम दीड.

नात समोर जेवत होती. म्हणजे मी शाळेत गेलो, तिला आणलं, वाढलं. यातलं मला काहीही आठवत नाही. डुलकीत मनुष्य रस्ता ओलांडत नाही.

तिची वही पाहिली. पानापानावर लाल खुणा. कवितेतला ‘ना रे’ खोडलेला, बाजूला शेरा: ‘अनावश्यक’. अक्षर उभं, टोकदार. माझं अक्षर डावीकडे कलतं, सगळं आयुष्य कलत आलं आहे.

कविता म्हण म्हटलं. तिनं घडाघडा म्हटली. चूक नाही, चालही नाही.

बुधवार, ता. १२

सकाळीच मॅनेजरबाईंना फोन केला, काम सोडतो म्हणालो आणि ऑपरेटरची तक्रारही केली. बाई गोंधळल्या. ऑपरेटर शुक्रवारपासून रजेवर आहे. त्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे. किल्ली त्यांच्याकडेच.

मोबाइलवरून ते सगळं काढून टाकलं. मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. त्यानंतर पुन्हा अंधार.

शुद्धीवर आलो तो भर रस्त्यात. दोन्हीकडून गाड्या. नातीचं मनगट माझ्या मुठीत, इतकं आवळलेलं की तिची बोटं पांढरी पडली होती. मी मूठ सैल केली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली,

“आजोबा, तुम्ही मघाचे नका होऊ ना.”

घरी येऊन मनगट पाहिलं. आत, शिरांवर, लाल पेनानं एक खूण. लहानसा फास आणि त्याला शेपटी. म्हणाली, तुम्हीच काढलीत. चाळीस वर्षं ही खूण मी हजारो शब्दांवर काढली आहे. तिचा अर्थ: हे काढून टाका.

साबणानं धुतली. पुसट झाली. गेली नाही.

गुरुवार, ता. १३

मुलाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. सूनबाईला नुसतं मनगट दाखवलं. ती म्हणाली, बाबा, उद्यापासून तिला मी आणते, अर्धी रजा टाकते. सूनबाईला माझा राग आला असेल तर येऊ दे. देव करो आणि तो तसाच राहो.

त्या खुर्चीतल्या मुद्रितशोधकांना मी एकशे चौदा वेळा उठवलं. ते आता मला उठवतात. माझ्यातून. आज चार वेळा.

एक मात्र ध्यानात आलं. लिहीत असलो की ते येत नाहीत. हात थांबला, की माझं कनेक्शन सुटतं. तोच नियम. म्हणून लिहितो आहे, जे येईल ते, पाढे, पाठ कविता, वाणसामानाची यादी.

शुक्रवार, ता. १४

नऊ. लिहितो आहे. सूनबाई आणणार आहे, सूनबाई आणणार आहे, बोटं आखडली, सूनबाई आणणार

अकरा वाजून गेले. डोळा लागला वाटतं—

पायात चपला आहेत. मी घातल्या नाहीत. मोबाइल कपाटात होता, तो मांडीवर. चालू.

सूनबाईचा निरोप: बाबा, रजा मिळेना, शेजारच्या काकूंना पाठवू का. खाली माझं उत्तर: त्यांना कशाला त्रास, मी आता बरा आहे, मीच आणतो. मी लिहिलं नाही हे. मी नाही. डाव्या हातानं तिला फोन लावतो आहे. उचलत नाही. पुन्हा. उच

फाटक. शाळेचं फाटक आहे हे. कसा आलो—

वही खिशात होती, पेन होतं. लिही. लिहीत राहा.

शिपायाला लिहिता लिहिताच सांगितलं, तिला माझ्याबरोबर सोडू नका. हसला. म्हणाला, “आजोबा, तुमच्याबरोबर नाही तर कुणाबरोबर सोडू?”

निघून जातो. पाय उचलत नाहीत. त्यांनी पाय घेतले. आता आवाजही— ओठ हलतात नुसते. हात तेवढा माझा, हा, लिहिणारा

घंटा

आली. धावत आली आणि चार हातांवर थांबली. निरखते आहे. वहीकडे बघितलं. पेनाकडे.

“लिहिताय म्हणजे माझेच आजोबा,” म्हणाली. हसली. कितीतरी दिवसांनी हसली

शिपाई मागून सांगतो, रस्ता वाहतोय, हात धरा पोरीचा

ती हात पुढे करून उभी आहे. एका हातात वही, एका हातात पेन. यातलं काही सोडलं तर— ती वाट बघते. आत जा, बाईंकडे जा, आवाज नाही, तिला मोठं अक्षर वाचता येतं, आत जा असं मोठं लिहून, नाही, ती बघत नाही, तिनं पाऊल रस्त्यावर टाकलं, ट्रक, बाळ मागे, मागे, मला तिसरा हा