आत सरकणारा ग्रह

बाबा, सकाळपासून मी अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरसमोर बसून आहे, जागची उठली नाही. तुमी असते तर म्हणाले असते, "काहून वं, पेपर हाय का तुहा?" पेपरच समजा. दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती वायू अन् धूळ फिरते, त्या धुळीचा ग्रह कसा होते, हे मी गणितानं मांडते अन् कॉम्प्युटर ते पुढं चालवून दाखवते. वाढत्या ग्रहाले भोवतालचा वायू आत, ताऱ्याकडे ढकलते. माझा सारा प्रबंध सांगते की एका जागी तो थांबते. आज शेवटची, सगळ्यात बारीक चाचणी चालू आहे अन् ग्रह काही थांबून नाही राहिला. सरकूनच राहिला.

मघाशी अमरावतीहून माझ्या गाईड सरांचा फोन आला. "मॅडम, वायू जरासा कमी करा न. इतकं कोण पाहून राहिलं?" एकच आकडा बदलायचा होता, ग्रह थांबला असता. बोट की-बोर्डावर ठेवलं अन् मले शेंदूरजनाघाटची आपली संत्र्याची बाग दिसली, मी लहान होती तेव्हाची. बहार यावा म्हणून तुमी झाडं ताणावर सोडली आहेत, पाणी पार बंद. पानं गुंडाळून गेली आहेत. आई रोज ओरडते, "झाडं मारता काय आता? लावा मोटर!" तुमी ढिम्म. मले विहिरीजवळच्या झाडाची कीव येते, मी लपूनछपून त्याले बादलीनं पाणी टाकते. पुढं सारी बाग फुलली, ते झाड नुसतं पाल्यानं भरलं. "बयताड कुठची!" तुमी मजुरांसमोर कडाडले, "दया आली तुले? आता खाय पाला!" जेवतानाही तुमी माझ्याशी बोलले नाही.

मी बोट काढून घेतलं. हे लिहिता लिहिताच, दुपारी ग्रह ताऱ्यात पडला. सरांना फोन केला, "पडला सर. मी तसंच लिहिते." ते म्हणाले, "म्हणजे प्रबंध पुन्हा पहिल्यापासून." इतक्या वर्षांचं काम, बाबा!

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. तो पडला तेव्हा मले लय राग आला, अन् तो तुमचाच आला. भांडायले तुमी नाही, याचा त्याहून जास्त.