काकूंचा पहिला शब्द

१६ मार्च, सोमवार. अकोला
उन्हं तापायच्या आत एसटीनं पोचले. शनिवारी संध्याकाळी अमरावतीला घरी, रविवारी चर्च, सोमवारी परत इथे काकूंपाशी. मिशनच्या दवाखान्याचे वॉर्ड बंद पडले आणि आम्हा आयाबायांना घरी बसवलं, तेव्हापासून हेच. नवऱ्याचा, प्रभाकरचा, गुडघा अजून क्लच दाबू देत नाही, ड्रायव्हरकी बंद, म्हणून घर सध्या माझ्या एकटीच्या पगारावर. कुरकुर नाही. (आहे, थोडी.)
काकूंना अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा पार गेली. डोळ्यांनी मात्र अख्खं घर चालवतात. सुनेनं, मृणालनं, पडदा वाकडा ओढला की इकडे भुवई वर!
दुपारी मऊ भात, पातळ वरण. उशा लावून ताठ बसवलं, डावा हात हातात धरून प्रार्थना केली, मग चमचा. एकदाही ठसका नाही. देवाची कृपा.

१९ मार्च, पाडवा. अकोला

सणाचं पान. काकूंची व्हीलचेअर मी टेबलाशी आणली. वकीलसाहेब (मुलगा), मृणाल, आणि कारंज्याहून आलेल्या आत्या, म्हणजे काकूंच्या नणंद. काकूंच्या यजमानांनी हयातभर भिक्षुकी केली, अर्ध्या गावाची लग्नं लावली. त्यामुळे या घरात श्लोकाशिवाय जेवण नाही. वकीलसाहेबांनी श्लोक म्हटला. संपला. सगळे पानाकडे वळले, आणि काकू बोलल्या. स्पष्ट, खणखणीत.
"आमेन."
इतक्या महिन्यांत पहिला शब्द! वकीलसाहेब खुर्ची पाडून उठले, आईच्या गुडघ्यांशी बसले, लहान मुलासारखे रडायला लागले. "आई बोलली! मृणाल, ऐकलं ना?" मृणालही रडतेय, मीही.
आत्या तेवढ्या रडल्या नाहीत. पुरणपोळीचा घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. "हे कोनं शिकवलं हिले?"
कुणी शिकवलं? मी. पण देवाशपथ, मला माहीतच नव्हतं की मी मोठ्यानं म्हणते. आईनं लावलेली सवय, प्रार्थना केल्याशिवाय घास नाही, आपलाही नाही, पेशंटचाही नाही. दवाखान्यात सगळ्याच म्हणायच्या. तिकडे ते हात धुण्यासारखंच होतं. "हे अन्न पिकवणाऱ्याचं, शिजवणाऱ्याचं भलं कर, काकूंच्या गळ्याखाली सुखरूप उतरव, येशूच्या नावानं मागते, आमेन." दिवसातून तीनदा. काकू ऐकत होत्या.

२० मार्च. अकोला
वकीलसाहेबांनी ऑफिसच्या खोलीत बोलावलं. बिचारे नजर वर करेनात.
"रूथताई, तुम्ही मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण दिवस कसे आहेत... आत्यानं रात्रीतून चार घरी फोन केले, आईला बाटवलं म्हणून. उद्या कोणी दारात येऊन उभं राहिलं तर मी काय सांगू?"
"मी फक्त जेवू घातलं, साहेब."
"माहीत आहे मले," म्हणाले. एरवी कोर्टातलं बोलणारा माणूस, जीव कावला की वऱ्हाडीवर येतो. "थोडे दिवस घरीच राहा."
थोडे म्हणजे किती, विचारलं नाही. निघताना काकूंच्या पाया पडले. त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला तो सोडेनात. मृणालनं एकेक बोट सोडवलं. संताप आला मला. सगळ्यांचा, स्वतःचाही.

२२ मार्च, रविवार. अमरावती
आणि इथे दुसरंच! बातमी माझ्या आधी पोचलेली. चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी घेरलं. "रूथ, भटाघरची बाई आमेन म्हनली म्हने! पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर साक्ष दे तू, देवानं काय केलं त्याची." एकीच्या डोळ्यांत तर पाणी.
मी फटकन बोलले, "ती माझी पेशंट आहे. साक्षीत उभी करायला ती काय माझी कमाई आहे?" तोंडं उतरली त्यांची. वाईट नाहीत गं त्या, आनंदच झाला होता त्यांना. पण तिकडे मला चोर ठरवलं आणि इकडे शूर, आणि काकूंच्या घशाची काळजी कुणालाच नाही.

२४ मार्च
प्रभाकर चहा करता करता: "मनातल्या मनात म्हनत जाय ना तू. देव का बहिरा हाय?"
देव नाही बहिरा. पण काकूंना ते ऐकून कळायचं की आता घास येतोय, तयार व्हा. हे सांगितलं तर म्हणाला, "मंग 'काकू, घास' एवढं म्हन." बरोबरच आहे त्याचं. तरी दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाही.

२६ मार्च
मृणालचा फोन. आवाज दबलेला, बहुतेक मोरीतून. नवीन बाई ठेवलीय, काकू तिच्याकडून तोंड उघडत नाहीत. मृणालकडूनही नाही. डॉक्टर म्हणतात नाकातून नळी घालू. "रूथताई, तुम्ही काय म्हणता ते मले सांगा. मी म्हनते."
इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर ज्याचा आळ आला तेच करतेय. न सांगावं तर काकूंना नळी. आणि प्रार्थना म्हणजे काय गोळी आहे, एकीनं लिहून द्यावी, दुसरीनं भरवावी?
सांगितली. पिकवणाऱ्याचं, शिजवणाऱ्याचं, गळ्याखाली सुखरूप... आणि पुढचं गाळलं. ते नाव गाळलं, आमेनही. तिच्या घरात तिला त्रास नको म्हणून. की मला नको म्हणून?
तासाभरात मेसेज: "वाटीभर जेवल्या." आनंद झाला. नंतर खूप रडू आलं. लेंटच्या, उपासाच्या दिवसांत, 'येशूला मी ओळखत नाही' म्हणणाऱ्या पेत्राला नावं ठेवायची आणि आपण फोनवर हे करायचं.

२८ मार्च, शनिवार
वकीलसाहेबांचा फोन. आत्या गेल्या गावी. आई आज पुन्हा जेवत नाही. "सोमवारी या. फक्त ते... मनात." उद्या कळवते म्हटलं. प्रभाकरनं माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. त्या गुडघ्यानं स्टुलावर चढून!

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चहून आल्यावर लावला फोन.
"येते साहेब. पण जेवणाआधी मोठ्यानं म्हणेन, नाव घेऊन. तुमचा श्लोक तुम्ही म्हणा, मी हात जोडून उभी राहीन. माझ्याकडून चोरून होणार नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा."
वाटलं, गेलं काम.
मग म्हणाले, "थांबा. आईला विचारतो. मान हलवते ती, हो-नाही कळतं. मग फोन करतो."
काकूंना! पडल्यापासून या बाईला कुणी काही विचारलेलं नाही. कोणती साडी, कोणती भाजी, कोणती बाई. आणि मी? दिवसातून तीनदा त्यांचा हात धरून माझ्या देवाशी बोलले. चालेल का, असं एकदाही विचारलं नाही.
त्या नाही म्हणाल्या तर? ते मान्य करायचं, एवढं ठरवलंय. अवघड जाईल.
संध्याकाळ झाली. फोन आलेला नाही.