गटाराच्या दिव्याला हळदकुंकू

आप्पा, पालिकेत मी नवी इंजिनियर आणि तुम्ही बाप असून माझ्याच हाताखालचे पंप ऑपरेटर. सकाळी घरात "चहा टाक गं" म्हणायचात आणि दहा वाजता नाल्यावरच्या शेडात मलाच "नमस्कार, मॅडम"! लोकांना फुकटचा तमाशा. ऐंशीच्या पुढचं एखादं वर्ष असेल. पावसात गटारं तुंबून वाहायची, ते पाणी खालच्या गल्लीतल्या विहिरीत उतरायचं आणि घरोघरी हगवण लागायची. म्हणून साहेबांच्या मागं लागून मी अतिनील किरणांच्या दिव्याची नळी मागवली आणि शेडात बसवली. त्या उजेडाखालून पाणी नेलं की जंतू मरतात, असं पुस्तकात होतं. तपासणी फसली असती तर नळीही परत आणि माझी नोकरीही गेली असती.

दसरा झाला, साहेबांनी पाण्याचे नमुने नेले आणि अहवाल आला : जंतू ठणठणीत! साहेबांनी येऊन नळीवरचं झाकण उघडलं, तर काचेवर हळदकुंकवाचा थर आणि वर झेंडूची माळ. खंडेनवमीला पान्या-पकडीबरोबर तुम्ही तिचीही पूजा केलेली.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं, सायेब. हत्याराची पूजा नको व्हय?"

सगळे खो खो हसले. मी मात्र पेटले. "आप्पा, अक्कल गहाण टाकलीय का? वाटोळं केलंत माझं!"

तुम्ही धोतराच्या सोग्यानं नळी पुसायला लागलात. "चुकलं बाई माझं. पर पाणी लई गढूळ हाय. उजेड आत शिरंल कसा? आदी गाळून तर बघ."

"तुम्ही गप्प बसा," म्हणाले मी. चारचौघांत, बापाला. साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली.

नळी लख्ख करून मी एकटीनंच पुन्हा तपासणी केली. आप्पा, जंतू तसेच! मग गुपचूप वाळू-खडीतून पाणी गाळून घेतलं, तेव्हा कुठं अहवाल चांगला आला आणि मी नोकरीत पक्की झाले. तुम्ही निपाणीहून पेढे आणलेत. देताना प्रत्येकाला सांगत होतात, "माझ्या हळदीनं पोरीची नोकरी घालवलीच हुती." त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही खंडेनवमीला एकाही हत्याराला हळद लावली नाही. आई म्हणायची, आता तरी लावा. तुम्ही म्हणायचात, "नको गं, पोरीचं नुसकान व्हतंय."

मागच्या महिन्यात माझा निरोप समारंभ झाला. मी हळदीचाच किस्सा सांगितला, लोक पोट धरून हसले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. पाणी गाळायचं कुणी सुचवलं, ते मी त्याही दिवशी सांगितलं नाही. विसरले नव्हते, आप्पा. टाळ्या चालू होत्या.