पोर्चखालच्या बल्ल्या

प्रिय जास्मिन,

भिंगारला थंडी पडली आहे. सकाळी कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने फिरायला निघाले की अजून वाटतं, वळणावर तू दप्तर घेऊन उभी असशील, रिबिनी सुटलेल्या, आणि सिस्टरांनी बघायच्या आत मी त्या बांधून द्यायच्या. तुझ्या अँड्र्यूची मी धर्ममाता. बाप्तिस्म्याचं पाणी पडताच त्याने केवढं भोकाड पसरलं होतं, आणि तू हसून हसून बेजार!

चर्चच्या नव्या हॉलचं कंत्राट त्याने घेतलं तेव्हा माझ्याइतका आनंद आपल्या चर्चच्या मंडळीत कुणाला झाला नसेल. पुढचं तू लोकांकडून ऐकलंस. मी पाहिलं ते असं. कापणीच्या सणाचा लिलाव, लोकांनी देवाला वाहिलेले भोपळे, कोंबड्या, ज्वारीची पोती, सगळं यंदा नव्या पोर्चमध्ये व्हायचं होतं आणि तिथे तर ओल्या स्लॅबला टेकू दिलेल्या सेंटरिंगच्या बल्ल्या उभ्या. इतक्यात हलवू नका, असं इंजिनिअरने बजावलेलं. आदल्या दिवशी मी फुलं घेऊन गेले, तर अँड्र्यू स्वतः उभा राहून माणसांकडून बल्ल्या काढून घेत होता. मी म्हटलं, अरे, स्लॅब अजून कच्चा आहे ना? तर म्हणाला, "मावशी, तू फुलं बघ. उद्या लोकांनी काय बल्ल्यांना मिठी मारून बोली लावायची?" त्याची माणसं हसली.

सण छान झाला. दुसऱ्या दिवशी चर्चची झाडलोट करणारी पुष्पावती पोर्च झाडायला आली आणि स्लॅब तिच्यावर आला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता अँड्र्यूने कोर्टात लिहून दिलंय की बल्ल्या मंडळीनेच काढल्या आणि करारानुसार ताबा दिल्यावर त्याची जबाबदारी संपली. पुष्पावतीच्या वकीलबाईंनी मला अशाच प्रकरणांतले अलीकडचे निकाल वाचायला दिले. कुणाच्या निष्काळजीपणाने माणूस जायबंदी झालं, तर करारातल्या एका ओळीआड लपता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. पण बल्ल्या कुणी काढल्या हे सांगणारं कुणीतरी हवं ना! मंडळीत जो तो म्हणतो, आपल्यातलं आपल्यात मिटवा. पुष्पावती कुबडी भिंतीला लावून एवढंच म्हणाली, "बाई, तुमी पाह्यलं हाय ना? मंग तेवढंच सांगा. जास्ती नगं."

परवा तू फोनवर रडत होतीस. म्हणालीस, दया, खोटं बोलू नकोस, फक्त आठवत नाही म्हण. आपल्या वयाला कुणालाही पटेल. त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. मंगळवारी माझी साक्ष आहे. मला सगळं आठवतं आणि मी ते सांगणार आहे. तुला हे कोर्टातून नाही, माझ्याकडून कळावं. साक्ष झाली की मी तिथून सरळ सावेडीला तुझ्या घरी येईन. दार लावून घेतलंस, तर पायरीवर बसेन.

अजूनही तुझीच,
दया