कोपऱ्यातला रांजण

अँथेस्टेरियोन महिना, दिवस तिसरा

आज इकारियाला पोचले. खेचराच्या गाडीने हाडं खिळखिळी केली, पण मन कसं हलकं आहे. माझ्याबरोबरची पाटीभर खापरं पाहून माझी भाची क्लेइनो हसली. म्हणाली, मावशी, आमच्या गावात मडकी फुटत नाहीत असं वाटलं का तुला? तिला काय ठाऊक, मी लिहिते ते यांच्यावरच. माझा नवरा सोसियास अथेन्सच्या कुंभारवाड्यात तेलाच्या सुरया रंगवायचा, मेलेल्यांच्या उशाशी ठेवायच्या. चित्रातल्या माणसांची नावं शेजारी लिहायचा. ती पाहून पाहून मी अक्षरं शिकले.

चाळीस वर्षं मी लोकांची प्रेतं धुतली. पोटी मूल नाही. माझं कोण धुणार, हा एकच घोर होता. न धुतलेलं माणूस मेलेल्यांच्या नदीच्या अलीकडच्या काठावर भटकत राहतं. क्लेइनोचा नवरा एपिगेनीस पानगळीत समुद्रात बुडाला. त्याचे दिवस करायला घरात जाणती बाई हवी होती. तिनं चुलीवर हात ठेवून मला शब्द दिला की तू गेलीस म्हणजे आम्ही तुला धुऊ, तेल लावू, हनुवटीला पट्टी बांधू, नावाचा दगड उभारू. माझ्या बोचक्यात सगळी तयारी आहेच. सोसियासनं माझ्यासाठी रंगवलेली सुरई, पांढरी पट्टी, चादर. म्हातारीला आणखी काय हवं?

दिवस पाचवा

थडग्यावर दूध आणि मध ओतून आले. प्रेत सापडलं नाही म्हणून थडगं रिकामं, हे समजतं. पण रिकाम्या थडग्यालाही खड्डा खणतात, माणसाच्या जागी दगड पुरतात. खणलेली माती दूध घटाघट पिते. इथं ते वरच साचलं आणि मुंग्या आल्या. या जागेवर कुणी कुदळ मारलेलीच नाही.

क्लेइनोला विचारलं. ती लोकर पिंजत राहिली. म्हणाली, घाई होती गं, थ्रासिलोस भावोजींनी पाहिलं सगळं. थ्रासिलोस तिचा दीर. गलबतावर भावाबरोबर तोच होता. पुढच्या महिन्यात ती त्याच्याशीच लग्न करणार आहे.

दिवस आठवा

थ्रासिलोस मोठा थट्टेखोर. आज जेवताना म्हणाला, आजीबाई, केवढीशी गं तू, एका रांजणात मावशील. मी म्हटलं, मावेन बाबा, पण आधी घास तर गिळू दे. तो पोट धरून हसला. क्लेइनोच्या हातातली मसुराची वाटी सांडली.

कोठारात तीन रांजण आहेत, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. सणाला नवी दारू उघडायची. कोपऱ्यातल्याला हात लावू नकोस, असं क्लेइनोनं बजावलं. ती आंबली आहे म्हणे, सवडीनं फेकून देऊ.

दिवस अकरावा, रांजण उघडायचा सण

दोघं पहिल्या रांजणातली दारू घेऊन देवळात गेली. गडीमाणसांना तीन दिवसांची सुट्टी. मला मसुरात घालायला शिरका हवा होता. आंबलेली दारू म्हणजे शिरकाच की, फेकून कशाला द्यायची? कोपऱ्यातल्या रांजणाच्या झाकणाचं डांबर मी सुरीनं खरवडलं.

वर केस तरंगत होते.

मी ओरडले नाही. प्रेताला मी कधी भ्याले नाही. काखेतून एक दोर गेला होता, त्याला धरून ओढलं. चाळीस वर्षं प्रेतं उचलली, जोर कुठं लावायचा ते कळतं. गळा चिरलेला. मनगटापासून तोडलेले हात, घोट्यापासून तोडलेले पाय, दोन्ही कान, सगळं त्या दोरात ओवून गळ्यात आणि काखेखाली बांधलेलं. खुनी असं करतात, मेलेल्यानं उठून सूड घेऊ नये म्हणून. क्लेइनोच्या नवऱ्याच्या कपाळावर डाग होता, हे तिनंच सांगितलं होतं. तो डाग मी पाहिला.

चार महिने हा माणूस दारूत भिजतोय, आणि त्याच्यासाठीचं दूध मी मुंग्यांना पाजतेय. मी दोर कापला. त्याला पाण्यानं धुतलं, मग माझ्या सुरईतलं तेल लावलं. चादरीच्या चिंध्या फाडून हात हातांच्या जागी बांधले, पाय पायांच्या. शेवटी माझी पट्टी त्याच्या हनुवटीला बांधली. म्हटलं, बाळा, आता जा नदीपलीकडे. मग त्याला परत आत ठेवून झाकणाला डांबर लावलं. दुसरी जागा कुठली होती माझ्याकडे?

ती दोघं आली तेव्हा मी मसूर ढवळत होते. पळी हातातून निसटून मसुरात पडली. थ्रासिलोस म्हणाला, न पिताच चढली का गं आजी?

दिवस बारावा

या दिवसांत मेलेले गावभर फिरतात. ते घरात शिरू नयेत म्हणून दाराला डांबर फासायचं, काटेरी झुडपाची पानं चघळायची. दरवर्षीसारखं मीही सकाळी दार, उंबरा, खिडक्या फासून काढल्या. पानं चघळून तोंड कडू झालं. सण संपला की शेजारच्या गावी एपिगेनीसच्या मामाकडे जाऊन सगळं सांगायचं ठरवलं आहे. क्लेइनोच्या शब्दाचं आता काय — जाऊ दे. दुसरं कुणीतरी धुईल मला.

बारावा, दुपार

आज प्रत्येकानं आपापली दारूची सुरई एका दमात प्यायची. थ्रासिलोस आपली भरायला कोठारात गेला. त्याची एकच हाक आली, भावाच्या नावाची. मग ओल्या फांद्या मोडाव्यात तसा आवाज.

मी कोठाराच्या दारातून पाहिलं. कोपऱ्यातलं झाकण दोन तुकडे होऊन पडलं होतं. थ्रासिलोस भिंतीशी होता. त्याचे हात कापलेले नव्हते, पिळून उपटलेले होते, कोंबडीची मान पिळतात तसे. पाय अजून — तो जिवंत होता. दुसरा त्याच्यावर वाकला होता. मी बांधलेल्या चिंध्या लाल झाल्या होत्या. गाठी सुटल्या नव्हत्या. गाठ मी पक्की मारते.

बारावा, थोड्या वेळानं

क्लेइनो दाराकडे धावली. अडसर काढता येईना, हात निसटत होते. मावशी, तू काढ गं, मावशी — मी पोचायच्या आत त्यानं तिला केसांना धरून मागं ओढलं. तिचं डोकं उंबऱ्यावर. पुन्हा. पुन्हा. दारू आणि रक्त अंगणभर, माझ्या टाचा बुडाल्या.

मग तो जमिनीवर बसला आणि दोघांचे तुकडे दोरात ओवू लागला. तोच दोर. मी कापलेला, त्यानं गाठ मारून जोडलेला.

तेरावा

मी चुलीच्या खोलीत. मला काही करत नाही. नुसता बघतो.

सणाच्या शेवटी मेलेल्यांना म्हणायचे शब्द मी दाराकडे बोट दाखवून तीनदा म्हटले. सण संपला, आता निघा. तो शहाण्या पोरासारखा दारापर्यंत गेला. डांबराला बोट टेकवलं, आणि मागं फिरला.

डांबर मीच फासलं. बाहेरचे आत येऊ नयेत म्हणून. हा तर आतच होता.

तेरावा

तो दाराला पाठ लावून बसला आहे. दुसरं दार नाही. त्याच्या डोक्याच्या वर दाराला लागलेलं डांबर मी खापरानं खरवडायला घेतलं. त्यानं माझ्या हातातून खापर काढून घेतलं. हळूच, काळजीनं.

त्याला कळलं आहे मला काय हवं ते. मी धुताना बडबडत होते, त्याचे कान तेव्हा माझ्या मांडीवरच होते. मला सवयच आहे, प्रेताशी बोलायची. माझं कोण करणार रे बाळा, असं म्हटलं होतं मी.

तेरावा

चुलीवर पाणी ठेवलंय. त्यानं.

माझं बोचकं सोडलं. उरलेली चादर अंगणात अंथरली. मला उचललं, लहान मूल उचलावं तसं, आणि तिच्यावर ठेवलं. पाय दाराकडे. अगदी रीतसर. उठले की पुन्हा निजवतो. दुसऱ्यांदा उठले तेव्हा माझा गुडघा —

मी सांगतेय त्याला, बाळा, मी मेले नाही रे अजून. कान नाहीत त्याला. कान बांधायचे मी विसरले.

पाणी झालं. कढत होतं. कातडी —

आता तेल. सोसियासची सुरई. उजवा हात अजून मोकळा आहे.

तो आपल्या हनुवटीची पट्टी सोडतोय. माझी पट्टी. त्याचं तोंड उघडं पडलं —

घट्ट बांधतोय. मी मारते तशीच गाठ. बाळा, नाक तरी —